ॲम्बेसेडरचा मागचा रेशो बदलताना: क्राउन-पिनियनचं काम कोणत्या क्रमाने करावं

सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या ॲम्बेसेडर जपणारे बरेच आहेत, आणि त्यातल्या अनेकांची तक्रार एकच असते. हायवेला ऐंशीच्या वर गेलं की इंजिन ओरडतं. उपाय म्हणून कुठून तरी ‘लांब’ रेशोची, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारी, क्राउन-पिनियनची जोडी (मागच्या ॲक्सलमधला मोठा आणि छोटा गिअर) आणली जाते, संध्याकाळपर्यंत बसवून गाडी दारात उभी होते, आणि दोन-तीन महिन्यांत मागून रडायला लागते. मग ‘पार्टच डुप्लिकेट होता’ असं ठरवून दुसरी जोडी येते. तीही रडते. बहुतेक वेळा पार्ट बरा असतो, मापं घेतलेली नसतात. या कामात पाना फिरवण्याचा वेळ थोडा आणि मोजण्याचा जास्त. ज्याला मोजायचं नाही त्याने या कामाला हात घालू नये.

लेख १४८९ सीसीच्या जुन्या ॲम्बेसेडरला धरून लिहिला आहे, म्हणजे ॲक्सलच्या ज्या खोळीतून, हौसिंगमधून, डिफ्रन्शिअलचं (क्राउन-पिनियन आणि दोन चाकांत फेरे वाटणारे गिअर यांचं) पूर्ण युनिट पुढच्या बाजूने बाहेर निघतं आणि मागे नुसतं गोल पोट दिसतं, ते. जीपवाल्यांसाठी वेगळं जिथे आहे तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: आत्ता कोणता रेशो आहे ते गाडीखाली जाऊन मोजा

आधीचा मालक काय म्हणाला, जुन्या पुस्तकात काय छापलंय, यावर जाऊ नका. पन्नास वर्षांत गाडीचा ॲक्सल कितीदा बदलला असेल याचा नेम नाही.

गाडी सपाट जागी उभी करा, गिअर न्यूट्रल. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. घोडी (लोखंडी स्टँड) ॲक्सलखाली लावा, नुसत्या जॅकवर काम नको आणि विटांवर तर अजिबात नको. वीट न सांगता फुटते. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्यावर) खडूने एकेक रेघ मारा. आता चाक हाताने बरोबर २० फेरे फिरवा आणि साथीदाराला शाफ्टचे फेरे मोजू द्या. एक चाक अडलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा, तेव्हा २० फेऱ्यांत क्राउन १० वेळा फिरतो. शाफ्टचे आलेले फेरे भागिले १० केले की रेशो मिळाला.

४८ आणि पाऊण फेरे आले तर ८/३९ ची जोडी (पिनियनला ८ दात, क्राउनला ३९), म्हणजे ४.८७५. साडेपंचेचाळीसच्या आसपास आले तर ९/४१, म्हणजे ४.५५६. ४३ आले तर १०/४३, ४१ आले तर १०/४१, आणि ३९ च्या जरा वर आले तर ११/४३, म्हणजे ३.९०९. ॲम्बेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आली त्या घराण्यातल्या या जोड्या आहेत.

तपासणी: पाच-सहा फेऱ्यांवर भागवू नका. ४.८७५ आणि ४.५५६ मधला फरक तेवढ्यात हातून निसटतो.

टप्पा २: कोणता रेशो हवा, हे कागदावर काढा

टायरचा घेर मोजा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा पुढे ढकला, जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर घ्या. हे माप गाडीचं वजन टायरवर असताना घ्यायचं. ५.९०-१५ चा टायर साधारण २ मीटर देतो. मागच्या मालकाने दुसऱ्या मापाचे टायर घातले असतील तर आकडा वेगळा येईल, म्हणूनच मोजायचं.

सूत्र सोपं आहे. ताशी किलोमीटर गुणिले १६.६७, भागिले टायरचा घेर मीटरमध्ये, गुणिले रेशो. टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक असेल तर आलेला आकडा हाच इंजिनाचा वेग, मिनिटाला फेऱ्यांत. २ मीटर घेर धरून ताशी ८० ला असं दिसतं:

४.८७५: सुमारे ३२५० फेरे
४.५५६: सुमारे ३०४०
४.३: सुमारे २८७०
४.१: सुमारे २७३०
३.९०९: सुमारे २६१०

इथे मोह होतो. सगळ्यात खालचा आकडा बघून माणूस ३.९०९ मागतो. पण इंजिनाचे फेरे जितके टक्के कमी झाले, तितकेच टक्के ओढ कमी होते, आणि ती प्रत्येक गिअरमध्ये होते. ४.८७५ वरून ४.३ ला आलात तर सुमारे १२ टक्के ओढ गेली. ३.९०९ ला गेलात तर जवळजवळ २० टक्के. थकलेल्या १४८९ च्या इंजिनाला हे झेपत नाही. मग टॉप गिअर नुसता नावाला राहतो, गाडी सतत तिसऱ्यात चालते आणि पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त जातं.

म्हणून निर्णयाआधी एक चाचणी करा. नेहमीची माणसं आणि सामान घेऊन गाडी तुमच्या नेहमीच्या चढाला न्या. साताऱ्याचे असाल तर यवतेश्वरचा घाट किंवा वाईवरून पसरणी, कराड-पाटणकडचे असाल तर कुंभार्ली चिपळूणच्या बाजूने, आणि सगळ्यांनाच लागू म्हणजे पुण्याहून येतानाचा खंबाटकीचा चढ. आज गाडी जो गिअर कशीबशी धरते, तो नव्या रेशोवर धरणार नाही. जिथे आज आरामात तिसरा चालतो आणि अजून पायाखाली ॲक्सिलरेटर शिल्लक आहे, तिथेच बदलाला जागा आहे.

माझं मत सरळ आहे. सातारा, वाई, महाबळेश्वर, कास असं फिरणाऱ्याने ४.३ च्या पुढे जाऊ नये, आणि इंजिन जुनं असेल तर ४.५५६ वरच थांबावं. सांगली-मिरज-तासगाव-इस्लामपूर या सपाटीवर फिरणारा, इंजिनाचं काम झालेला माणूस ४.१ घेऊ शकतो. ज्यांच्या गाडीत पाच गिअरचा बॉक्स आहे आणि पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे त्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो, त्यांनी मागे हात लावायचं काही कारण नाही.

जीपवाल्यांनो: जुन्या विलीज घराण्यातल्या जीपांत ८/४३ म्हणजे ५.३८ किंवा ८/३९ म्हणजे ४.८८ अशा जोड्या सापडतात. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढे आणि मागे एकच रेशो असायला हवा. फक्त मागचा बदलला आणि कोरड्या डांबरावर पुढची ड्राइव्ह टाकली, तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि सगळ्यात कमजोर वस्तू तुटते. ‘पुढची ड्राइव्ह कधी वापरतच नाही’ हे उत्तर चालत नाही, कारण गाडी पुढे ज्याला विकाल तो वापरेल.

टप्पा ३: तीन वाटांपैकी एक निवडा

पहिली वाट, स्वतःच्याच युनिटमध्ये नवी क्राउन-पिनियन जोडी बसवणं. सगळ्यात जास्त मोजमाप इथेच. दुसरी, तशाच हौसिंगचं, हव्या त्या रेशोचं पूर्ण युनिट दुसऱ्या गाडीतून आणून जसंच्या तसं बसवणं. तिसरी, दुसऱ्या मॉडेलचा पूर्ण ॲक्सल टाकणं.

घरी काम करणाऱ्याला दुसरी वाट उत्तम. चालत्या गाडीतून निघालेलं, आवाज नसलेलं युनिट मिळालं तर त्यातली सगळी सेटिंग तशीच राहते. ‘त्यातली फक्त जोडी काढून आपल्या युनिटच्या घरात घालतो’ हा शहाणपणा करू नका. चांगली बसलेली जोडी उघडून पुन्हा शून्यापासून लावण्यात फायदा काहीच नाही.

तिसरी वाट ऐकायला सोपी वाटते, पण ॲक्सलची रुंदी, स्प्रिंगच्या पाट्यांच्या सीटमधलं अंतर, ब्रेकचा प्रकार, हँडब्रेकची केबल, चाकाचे स्टड, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि पिनियनचा कोन असं सगळं जुळवावं लागतं. सीट वेल्ड करताना कोन चुकला तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि जॉइंटचे क्रॉस लवकर जातात. गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आणि पिनियनचा कोन एकमेकांना समांतर हवा, फरक फार तर एक अंशाचा. अँगल मापायचं साधन नसलेल्या वेल्डरकडे हे काम देऊ नका.

पैसे देण्याआधी, माल हातात असताना या गोष्टी बघा:

क्राउनचे आणि पिनियनचे दात मोजा. दोन्हींवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो, तो जुळतो का पाहा. ही जोडी कारखान्यात एकमेकींवर घासून तयार झालेली असते. एका जोडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन, दात बरोबर असले तरी, कधीच शांत चालत नाहीत.
हाफ शाफ्टच्या (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकाचे स्प्लाइन, म्हणजे खाचा, मोजा. तुमच्या शाफ्टशी जुळले नाहीत तर शाफ्टही सोबत घ्यावे लागतील.
पिनियनच्या फ्लँजची (शाफ्ट जोडायच्या चकतीची) भोकं तुमच्या प्रोपेलर शाफ्टला बसतात का, ते जुन्या बोल्टने तिथेच तपासा.
दातांवर खड्डे, निळसर जळका रंग किंवा कडेला धारदार पायरी दिसली तर माल परत ठेवा.

ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, त्यामुळे मूळ माल आता स्क्रॅपमधूनच मिळतो. कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईतलं कुर्ला, जिथून आणाल तिथे खडू, डायरी आणि व्हर्निअर घेऊन जा. दुकानदार ‘फोर पॉइंट थ्री आहे’ म्हणाला तरी दात तुम्हीच मोजा.

टप्पा ४: हत्यारं आणि जागा

डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, मायक्रोमीटर, टॉर्क पाना, बेअरिंग पुलर, स्प्रिंगचा वजनकाटा, वेगवेगळ्या जाडीचे शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या), नवी बेअरिंग, नवी सील, पॅकिंग, लॉक प्लेटा. डायल गेज विकत घ्यायचा नसेल तर उसना मागा. या भागात मशीन शॉपची वानवा नाही. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत टर्नरकाम करणारा ओळखीचा कोणीतरी निघतोच. गेज नाही म्हणून ‘हाताला कळतंय’ यावर जाणार असाल तर इथेच थांबा. ०.०५ मिलिमीटर हाताला कळत नाही.

जागा धुळीपासून बंद हवी. पुसायला कॉटन वेस्ट नको, तिचे धागे बेअरिंगमध्ये जातात. जुन्या सुती साडीचा तुकडा उत्तम.

टप्पा ५: युनिट बाहेर काढणं

गाडी थोडी चालवून आणा, मग ऑइल काढा. गरम ऑइल गाळ घेऊन पडतं. पडलेलं ऑइल पांढऱ्या ताटात बघा. बारीक करडी पूड चालते, चमकणारे तुकडे दिसले तर आत काहीतरी फुटलंय. ते शोधल्याशिवाय नवीन काही बसवू नका.

प्रोपेलर शाफ्टच्या आणि पिनियनच्या फ्लँजवर पंचने समोरासमोर खूण करा, मग बोल्ट खोला. शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधून ठेवा. दोन्ही बाजूंचे ड्रम उतरवा आणि हाफ शाफ्ट बाहेर ओढा. शाफ्ट पूर्ण काढलेले बरे. थोडेच ओढून ठेवले तर युनिट ओढताना टोक अडकतं, आणि मग लोक पहार लावतात. पहार लागली की हौसिंगच्या तोंडाला खाच पडते आणि ती जागा जन्मभर ऑइल गाळते.

युनिट जड असतं. पोटावर पडून एकट्याने झेलण्याची वस्तू नाही. खाली ट्रॉली जॅक आणि त्यावर लाकडाची फळी ठेवा, साथीदाराला एक बाजू धरू द्या.

सावधान: ब्रेक लायनिंगवर गिअर ऑइल सांडलं असेल तर पुसून काम भागत नाही. लायनिंग बदला.

युनिट निघालं की रिकामं हौसिंग डिझेलने धुवा. वरचा श्वासाचा बोळा, म्हणजे ब्रीदर, तारेने मोकळा करा. तो बुजलेला असेल तर ऑइल गरम झाल्यावर आत दाब तयार होतो आणि नवीन सीलही गळायला लागतात. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नाही अशा गाडीत सगळ्यात आधी हाच ब्रीदर बघावा.

दुसरी वाट घेतलेल्यांनी इथून थेट टप्पा १० वर जावं. पण जाण्याआधी आणलेल्या युनिटचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, आणि दातांचा ठसा, म्हणजे दात एकमेकांवर कुठे टेकतात ते (टप्पे ८ आणि ९), एकदा नुसता तपासावा.

टप्पा ६: उघडण्याआधी जुनी मापं लिहून घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. जुनं युनिट टेबलावर घ्या आणि हात लावण्याआधी डायल गेजने बॅकलॅश मोजून लिहा. दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या टोप्यांवर खुणा करा. एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, आणि समोर घरावरही तसेच. या टोप्या घरासोबत जागेवरच कातलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

मग खोला. प्रत्येक शिम कुठून निघाला ते लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. डाव्या बेअरिंगमागचे, उजव्या बेअरिंगमागचे, पिनियनच्या डोक्यामागचे, पिनियनच्या दोन बेअरिंगमधले. प्रत्येकाची जाडी मायक्रोमीटरने घ्या. एका डब्यात सगळे टाकलेत तर पुढचे दोन दिवस त्या डब्याने खाल्ले म्हणून समजा.

टप्पा ७: पिनियन आधी, क्राउन नंतर

क्रम बदलू नका. आधी पिनियनची खोली, मग पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब), मग क्राउनचा बॅकलॅश, शेवटी दातांचा ठसा.

पिनियनची खोली म्हणजे तो क्राउनच्या मध्याकडे किती आत गेला आहे. ती त्याच्या डोक्यामागच्या शिमने ठरते. सुरुवात जुन्या शिमच्या जाडीने करा. पिनियनच्या डोक्यावर अधिक-उणे आकडा कोरलेला असतो, जुन्या आणि नव्या पिनियनच्या आकड्यातला फरक शिममध्ये मिळवा किंवा वजा करा. अधिक म्हणजे जाड की पातळ, हे प्रत्येक कंपनीत सारखं नसतं, तेव्हा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच खात्री करा. जीपच्या पुस्तकावरून ॲम्बेसेडरचा शिम काढू नये.

बेअरिंग बसवताना ऑइलमध्ये १०० अंशांच्या आसपास गरम करा आणि सरकवा. गॅसची ज्योत थेट लावली तर पोलादाचा पाणी-कस जातो. हातोडी थेट बेअरिंगवर नको.

आता प्रीलोड. सील न लावता पिनियन बसवा, नट मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळा, टोकाला स्प्रिंगचा काटा लावा आणि सावकाश एकसारखं ओढा. फिरायला लागताना नव्हे, फिरत असताना काटा काय दाखवतो तो आकडा घ्यायचा. समजा मॅन्युअल १२ इंच-पौंड म्हणतंय आणि दोरी जिथे गुंडाळली तिथे फ्लँजची त्रिज्या २ इंच आहे, तर काट्यावर ६ पौंड यायला हवेत, म्हणजे सुमारे २ किलो ७०० ग्रॅम. कमी आले तर दोन बेअरिंगमधला शिम कमी करा, जास्त आले तर वाढवा. नव्या आणि जुन्या बेअरिंगचे आकडे वेगळे दिलेले असतात, ओळ नीट वाचा.

सावधान: काही ॲक्सलमध्ये शिमऐवजी चुरगळणारी नळी असते. ती एकदाच वापरायची. नट जास्त आवळला गेला तर मागे घेऊन चालत नाही, नवी नळी टाकून पुन्हा सुरुवात. आणि एअर गन या नटाच्या जवळपासही नको. शिमवाल्या युनिटमध्येही प्रीलोड गनच्या फटक्यात मोजता येत नाही.

टप्पा ८: क्राउन आणि बॅकलॅश

क्राउन बसण्याची कड बोट फिरवून तपासा. एखादा बर, म्हणजे धातूचा वर आलेला कंगोरा, असेल तर बारीक ऑइलस्टोनने काढा. क्राउन घट्ट बसत असेल तर तो गरम ऑइलमध्ये बुडवून काढा आणि लगेच बसवा. बोल्ट ओढून ओढून क्राउन जागेवर आणण्याची पद्धत वाईट, त्यात तो तिरका बसतो. बोल्ट समोरासमोर, तीन-चार फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळा, लॉक प्लेटा नव्या.

युनिटच्या घरात बसवून क्राउनच्या पाठीवर डायल गेज लावा आणि एक पूर्ण फेरा फिरवा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर क्राउन डोलतोय. खाली कचरा आहे किंवा कड वाकडी आहे. इथे दुर्लक्ष केलंत तर पुढे बॅकलॅश एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक येत राहील.

मग बॅकलॅश. पिनियन घट्ट धरून क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला गेज काटकोनात लावा आणि क्राउन मागेपुढे हलवा. किती हवा ते बहुधा क्राउनच्या पाठीवरच कोरलेलं असतं. या घराण्यात तो साधारण ०.००५ ते ०.००७ इंच असतो, म्हणजे ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. कोरलेला आकडा असेल तर तोच खरा. चार ठिकाणी मोजा.

जास्त आला तर क्राउन पिनियनकडे सरकवायचा. एका बाजूचा शिम काढून दुसऱ्या बाजूला घालायचा, दोन्ही बाजूंची एकूण जाडी तीच ठेवायची. ०.०५ इकडून तिकडे नेलं की बॅकलॅश साधारण तेवढाच बदलतो. फक्त एकाच बाजूचा शिम काढला तर बॅकलॅश जमेल, पण बाजूच्या बेअरिंगचा प्रीलोड जाईल, आणि मग लोडवर क्राउन बाजूला पळेल.

टप्पा ९: दातांचा ठसा

सगळे आकडे बरोबर आले तरी अंतिम निकाल ठशाचाच. पिवळं ऑक्साइड गिअर ऑइलमध्ये दाटसर घोटा आणि क्राउनच्या दहाएक दातांना दोन्ही अंगांनी ब्रशने पातळ लावा. काही मिस्त्री शेंदूर वापरतात. बाजारातल्या शेंदरात शिसं असू शकतं, तो टाळलेला बरा. एकाने क्राउनला लाकडाने दाब द्यायचा, दुसऱ्याने पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचा. दाब न देता फिरवलं तर ठसा खोटा येतो.

चांगला ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर आणि लांबीच्या मध्यापासून किंचित आतल्या टोकाकडे असतो. चारही कडांना रिकामी जागा दिसली पाहिजे. चुकीचे ठसे असे वाचायचे:

ठसा दाताच्या मुळाशी खोल गेला: पिनियन फार आत आहे, तो बाहेर आणा.
ठसा दाताच्या माथ्यावर: पिनियन फार बाहेर आहे, आत न्या.
ठसा आतल्या अरुंद टोकाला चिकटलेला: बॅकलॅश कमी आहे, क्राउन दूर न्या.
ठसा बाहेरच्या रुंद टोकाला: बॅकलॅश जास्त आहे, क्राउन जवळ आणा.

पिनियन हलवला की बॅकलॅशही बदलतो, तो पुन्हा जागेवर आणायचा आणि मगच नवा ठसा घ्यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बहुतेक लोक इथे दमतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ‘चालतंय आता’ म्हणून युनिट गाडीत जातं. चालत नाही. मुळाशी ठसा असलेली जोडी गाडीखाली गेल्यावर सुधारत नाही, झिजते.

तपासणी: प्रत्येक ठशाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि त्यासोबत शिमचे आकडे लिहा. आपण पुढे चाललोय की गोल फिरतोय, ते फोटोंवरून लगेच कळतं.

जीपच्या मागच्या डाना ४४ जातीच्या ॲक्सलमध्ये पिनियन हौसिंगमध्येच असतो आणि काम मागचं झाकण काढून करावं लागतं. त्यामुळे ॲक्सल गाडीखालून काढून टेबलावर घेतल्याशिवाय हे टप्पे नीट होत नाहीत. पडून ठसा वाचणं म्हणजे मानेची परीक्षा.

टप्पा १०: परत बसवणं आणि ऑइल

पिनियनचं सील आता लावा, ओठाला आधी ऑइल. फ्लँजवर जिथे सील घासतं तिथे नखाला लागेल अशी चरी पडली असेल तर फ्लँज बदला किंवा टर्नरकडून बाही चढवून घ्या. पॅकिंगच्या दोन्ही बाजू कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. सीलंट लावलंच तर पातळ. जाड लावलेलं आत पिळून येतं आणि ऑइलबरोबर फिरत राहतं.

हाफ शाफ्ट सरळ आत सरकवा, मागच्या सीलवर टेकू देऊ नका. प्रोपेलर शाफ्ट खुणेवर खूण ठेवून जोडा. जॉइंटचे क्रॉस ढिले असतील तर याच वेळी बदला, नाहीतर त्यांचा ‘खट्’ नव्या जोडीच्या नावावर जाईल.

ऑइल हायपॉइड गिअरचं, जीएल-५, ८०-डब्ल्यू-९०. उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोला (गिअर जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही. गाडी सपाट उभी करून फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत भरा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. ऑइल दोन्ही बाजूंच्या नळ्यांत जातं आणि पातळी खाली येते. पहिल्यांदा काठोकाठ दिसलं म्हणून बूच लावणारे नेहमी कमी ऑइलवर गाडी चालवतात.

सावधान: रस्त्यावर जाण्याआधी दोन्ही चाकं घोड्यांवर ठेवून इंजिनवर थोडा वेळ हळू फिरवा. घासल्याचा किंवा खरखरीचा आवाज आला तर तिथेच थांबा.

टप्पा ११: पहिले आठशे किलोमीटर

नव्या जोडीचे दात एकमेकांना बसताना खूप तापतात. पहिली फेरी सपाट रस्त्यावर, हलक्या गाडीने, पंधरा-वीस मिनिटांची. सांगली-मिरज किंवा साताऱ्याहून कराडच्या दिशेचा रस्ता ठीक. एकाच वेगाने चालवू नका, सावकाश कमी-जास्त करा. परत आलात की गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा करा. पहिले आठशे किलोमीटर घाट, ट्रेलर आणि पाच माणसं नकोत, आणि त्यानंतर ऑइल बदला. ते स्वस्त आहे, गाळ ठेवणं महाग.

गाळपाच्या हंगामात ही चाचणी रात्री करू नका. तुमचं सगळं लक्ष मागच्या आवाजाकडे असतं आणि समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते.

आवाज कसा ओळखायचा? ॲक्सिलरेटर दाबल्यावरच हू-हू येत असेल तर दाताच्या ओढीच्या अंगाचा ठसा चुकलाय. पाय काढल्यावरच येत असेल तर दुसऱ्या अंगाचा. दोन्हीत सारखी घरघर असेल तर बेअरिंग. वळणावर बदलत असेल तर चाकाकडचं बेअरिंग बघा. गिअर टाकताना एकदाच ‘खट्’ वाजत असेल तर बॅकलॅश, क्रॉस किंवा स्प्लाइन. आवाज ‘बसेल हळूहळू’ म्हणून दाट ऑइल भरून दाबून टाकू नका.

टप्पा १२: स्पीडोमीटर

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून निघते, मागच्या ॲक्सलवरून नाही. त्यामुळे ४.८७५ जाऊन ४.३ आला की गाडी खरी ८० ला असताना काटा सुमारे ७१ दाखवतो. चलनाचा धोका आहेच, त्याहून मोठा धोका वळणावर अंदाज चुकण्याचा आहे.

किलोमीटरचा आकडाही कमी पडतो. १०० किलोमीटर गेलात तर ८८ च मोजले जातात. रेशो बदलल्यावर ‘ॲव्हरेज उलट पडलं’ असं सांगणारे बरेच जण या आकड्याला फसलेले असतात. टाकी ते टाकी हिशोब करताना मीटरचे किलोमीटर १.१३४ ने गुणा, मग बोला. गिअरबॉक्समधला स्पीडोचा छोटा गिअर बदलून मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर मोबाइलच्या जीपीएसवर ४०, ६० आणि ८० ला मीटर काय दाखवतो ते बघून काचेवर बारीक खुणा करा.

जुनी जोडी भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, तिचे शिम त्याच डब्यात ठेवून द्या. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घ्यायचा विचार असेल तर मूळ वस्तू हाताशी असलेली बरी. आणि नव्या युनिटच्या एका नटाखाली पत्र्याची छोटी पट्टी अडकवा. तिच्यावर दातांची संख्या, बॅकलॅश, ऑइल आणि तारीख पंचने ठोका, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला चाक उचलून फेरे मोजत बसावं लागणार नाही.